खोलीत, शेजारी, फोनवर

अमेरिकेतल्या माजी सैनिक खात्याच्या नियमांमध्ये तीन साधे शब्द येतात: रूम, एरिया, अव्हेलेबल. शिकाऊ मानसतज्ज्ञ रुग्णासमोर बसलेला असताना त्याचा सुपरवायझर नेमका कुठे असायला हवा, ते या शब्दांनी ठरतं. 'रूम' म्हणजे त्याच खोलीत. 'एरिया' म्हणजे शेजारपाजारच्या खोलीत, बोलावलं की लगेच येईल इतक्या अंतरावर. 'अव्हेलेबल' म्हणजे जवळ नसला तरी चालेल, पण फोन लावला की सापडलाच पाहिजे आणि गरज पडली तर यायलाही हवा. तिथल्या मानसशास्त्राच्या डॉक्टरेटला शेवटी जे इंटर्नशिपचं वर्ष असतं, त्याचं मर्म मला या तीन शब्दांत दिसतं. सुपरवायझरची खुर्ची हळूहळू खोलीबाहेर जाते. ती कधी हलवायची, हे मात्र इंटर्न ठरवत नाही.

'इंटर्न' हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, एमबीबीएसनंतर वॉर्डात रात्री जागणारा डॉक्टर. दुसरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या कंपनीत दोन महिने बसून सर्टिफिकेट घेऊन येणारा कॉलेजचा मुलगा. मानसशास्त्राचा इंटर्न पहिल्या चित्राच्या जवळ जातो. चार-पाच वर्षं वर्ग, संशोधन आणि आठवड्यातून काही तास रुग्ण बघण्याचं 'प्रॅक्टिकम' झाल्यावर तो इथे पोचतो. वय बहुधा तिशीच्या आसपास. प्रबंध झालेला तरी असतो, नाहीतर मानेवर बसलेला असतो. आणि हे वर्ष पूर्ण केल्याशिवाय पदवी हातात पडत नाही.

आपल्याकडे सायकॉलॉजिस्ट आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट यांची इतकी सरमिसळ होते की हेही आधीच सांगून टाकतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमडी डॉक्टर, तो औषधं लिहितो. इथे बोलतोय ते सायकॉलॉजिस्टबद्दल, म्हणजे चाचण्या घेऊन निदान करणाऱ्या आणि बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञाबद्दल.

आता माजी सैनिकांचा या सगळ्याशी काय संबंध? तर बराच जुना. दुसरं महायुद्ध संपलं आणि लाखो सैनिक घरी परतले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत तेव्हा निम्म्याहून जास्त खाटांवर मनाच्या आणि मेंदूच्या आजारांचे रुग्ण होते. सायकिअ‍ॅट्रिस्ट मोजकेच होते. मानसतज्ज्ञ तर त्याहून कमी, आणि जे होते त्यांच्याकडे तोवर मुख्यतः बुद्धिमापनाच्या चाचण्या घेण्याचं काम असे. मग १९४६ मध्ये या खात्याने, ज्याला सगळे नुसतं 'व्हीए' म्हणतात, २२ विद्यापीठांशी करार केला आणि सुमारे २०० विद्यार्थी पगार देऊन कामावर घेतले. विद्यापीठात शिकायचं, व्हीएच्या दवाखान्यात काम करायचं. चिकित्सा मानसशास्त्र हा पेशा अमेरिकेत आज ज्या रूपात आहे, त्याचा मोठा भाग या करारातून उभा राहिला. एवढे विद्यार्थी शिकवायचे तर काय शिकवायचं, हेही ठरवावं लागलं. म्हणून १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी दोन आठवड्यांची परिषद भरली. मानसतज्ज्ञ आधी संशोधक आणि सोबतच उपचारकही असला पाहिजे, असं तिथे ठरलं. हे सूत्र तिथल्या बहुतेक पीएच.डी. अभ्यासक्रमांत अजूनही टिकून आहे. उपचारावर जास्त भर देणारी सायडी नावाची पदवी नंतर, सत्तरच्या दशकात, रुजली.

म्हणजे व्हीए हे काही इंटर्न पाठवायच्या अनेक जागांपैकी एक एवढंच नाही. या शिक्षणाच्या पायाभरणीतच ते आहे. आज अमेरिकेत सर्वात जास्त मानसतज्ज्ञ नोकरीला ठेवणारी आणि सर्वात जास्त मानसतज्ज्ञ घडवणारी संस्था हीच.

जागा मिळते कशी, ते अकरावीच्या कॅप राउंडमधून गेलेल्या आईबापांना लगेच कळेल. विद्यार्थी नोव्हेंबरच्या आसपास पंधराएक ठिकाणी अर्ज करतात. अर्जात आतापर्यंत रुग्णांसोबत घालवलेल्या तासांचा हिशोब, शिफारसपत्रं आणि चार छोटे निबंध. एका निबंधाला शब्दमर्यादा ५००. डिसेंबर-जानेवारीत मुलाखती होतात. मग विद्यार्थी ठिकाणांचा पसंतीक्रम भरतो. फरक असा, की इथे दवाखानाही विद्यार्थ्यांचा पसंतीक्रम भरतो. दोन्ही याद्या संगणकात जातात आणि फेब्रुवारीत निकाल लागतो. याला 'मॅच' म्हणतात, आणि ही पद्धत १९९९ पासून संगणकावर चालते. याद्या जुळवण्यामागचं गणित ज्या सिद्धांतातून आलं, त्यासाठी लॉइड शॅप्ली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या गणिताची गंमत अशी, की इथे हुशारी करून काही मिळत नाही. 'तिथे आपल्याला कोण घेणार' असं म्हणून आवडती जागा खाली ढकलली, तर नुकसान आपलंच. ज्या क्रमाने मनापासून हवं, त्या क्रमाने लिहावं. मुलाखतीत दवाखान्याने "तुम्ही आम्हाला कितवा नंबर देणार?" असं विचारायलाही बंदी आहे. स्थळ बघायला गेल्यावर "मग, पसंत का?" असं तोंडावर विचारायचं नाही, तसंच. आणि एकदा मॅच झाली की दोन्ही बाजू बांधलेल्या. मन बदललं म्हणून सोडता येत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी जागा कमी आणि विद्यार्थी जास्त असल्याने कितीतरी जण दर फेब्रुवारीत हात हलवत परत यायचे. अलीकडे ते चित्र उलटलं आहे, जागा पुरेशा आहेत. त्या जागा वाढण्यातही व्हीएचा हात मोठा होता.

इथे अमेरिकेतल्या मराठी घरांनी थोडं थांबून वाचावं. व्हीएमध्ये इंटर्न व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं. एफ-१ व्हिसावर पुण्याहून गेलेली मुलगी कितीही गुणी असली तरी तिने व्हीएकडे अर्ज करून उपयोग नाही; ग्रीन कार्डही पुरत नाही. तिच्यासाठी विद्यापीठांची रुग्णालयं, समुपदेशन केंद्रं, मुलांचे दवाखाने असे दुसरे रस्ते आहेत. दुसरी अट मुलांना अडवते. १८ ते २५ वयाच्या पुरुषांनी 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'मध्ये, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीची वेळ आलीच तर लागणाऱ्या यादीत, नाव नोंदवायचं असतं. शिकायला व्हिसावर आलेल्यांना ते लागू नाही. पण वडिलांच्या नोकरीमुळे विसाव्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालेल्या मुलाला लागू आहे. सव्विशी उलटली की नाव नोंदवता येत नाही, आणि ती नोंद नसेल तर पुढे सरकारी इंटर्नशिपच्या दारात खुलासे देत बसावं लागतं. घरात हे सहसा कुणी सांगत नाही, कारण घरात कुणाला माहीतच नसतं. त्याखेरीज बोटांचे ठसे, पूर्वचारित्र्याची तपासणी आणि केव्हाही होऊ शकणारी अमली पदार्थांची चाचणी, हे सरकारी सोपस्कार आहेतच.

वर्ष सुरू होतं जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान. आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, एकूण २,०८० तास. या काळात इंटर्न दोन-चार विभागांतून फिरतो, त्याला रोटेशन म्हणतात. व्हीएचं वैशिष्ट्य हे, की एकाच छपराखाली बरंच काही असतं. युद्धाच्या आघातातून आलेल्या त्रासाचा, म्हणजे पीटीएसडीचा विभाग. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचा विभाग. मेंदूला मार लागलेल्यांच्या स्मरणशक्तीच्या, लक्ष लागण्याच्या तपासण्या. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचं केंद्र. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या वृद्ध सैनिकांचा निवासी विभाग, जिथे इंटर्नचं काम अनेकदा नुसतं शेजारी बसून ऐकण्याचं असतं.

यातला एक विभाग मला फार हुशारीने आखलेला वाटतो. साध्या फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीतच मानसतज्ज्ञ बसवलेला असतो. रक्तदाबासाठी आलेला सत्तरीचा माणूस बोलता बोलता म्हणतो, "डॉक्टर, बायको गेल्यापासून झोप नाही." डॉक्टर चिठ्ठी लिहून तीन आठवड्यांनंतरची तारीख देत नाही, त्याला हाताला धरून कॉरिडॉरच्या पलीकडच्या खोलीत नेतो आणि इंटर्नशी ओळख करून देतो. इंटर्नकडे अर्धा तास असतो. 'मनाच्या डॉक्टरकडे जा' असं सांगितलं असतं तर हा माणूस कधीच गेला नसता. आपल्या ओपीडींतही हे जमेल का, असं वाचताना मनात येतंच. असो.

आता पीटीएसडीच्या खोलीत शिरू. हा शब्द निदानाच्या अमेरिकन पुस्तकात १९८० मध्ये आला, तोही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं लावून धरल्यावर. आज व्हीएमध्ये यावर दोन उपचार मुख्यत्वे शिकवले जातात. एकात घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा, सुरक्षित जागी, तपशिलासकट सांगायला लावतात, म्हणजे आठवणीची भीती उतरते. दुसऱ्याचं नाव कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, सोयीसाठी सीपीटी. ती साधारण १२ बैठकांची असते, आणि तिच्यात शोधतात ते माणूस ज्या वाक्यात अडकून पडला आहे ते वाक्य.

समजा, एक काल्पनिक माणूस घेऊ. इराकमध्ये ट्रकच्या ताफ्यात चालक होता. रस्त्यात स्फोट झाला, मागच्या गाडीतला त्याचा मित्र गेला. पंधरा वर्षांनंतरही त्याचं एकच वाक्य: "मी गाडी हळू चालवली असती तर तो वाचला असता." आपल्या इंटर्नला हे ऐकवत नाही. तिच्या तोंडून निघून जातं, "पण त्यात तुमची चूक नव्हती." तो मान डोलावतो, "हो, सगळे असंच म्हणतात." आणि गप्प होतो.

या बैठकीचं रेकॉर्डिंग झालेलं असतं, अर्थात त्याची लेखी संमती घेऊन. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आणि इंटर्न ते ऐकायला बसतात. त्या वाक्यावर सुपरवायझर टेप थांबवतो. "इथे तुला काय होत होतं?" असं तो विचारतो. 'चुकलीस' म्हणत नाही. खरं उत्तर असतं, की मला ते सहन होत नव्हतं. म्हणजे धीर दिला तो त्याला नव्हे, स्वतःला. मग दोघं मिळून पुढच्या बैठकीसाठी प्रश्न शोधतात. त्या सकाळी वेग किती ठेवायचा, हे कोणी ठरवलं होतं? पुढे काय आहे याची तुम्हाला त्या क्षणी काय माहिती होती? हळू चालवली असती तर ताफ्याचं काय झालं असतं? बॉम्ब कुणी पुरला? उत्तरं माणसानेच द्यायची. सीपीटीत हे फार बारकाईने शिकवतात: एखादी गोष्ट मुद्दाम करणं, ती आधी कळू शकणं आणि ती नुसती आपल्या हातून घडून जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुःखात माणूस तिन्हींची एकच मोट बांधतो. ती मोट त्यानेच सोडवायची असते. इंटर्नने सोडवून दिली तर दाराबाहेर पडेपर्यंत पुन्हा बांधली जाते.

पाठ्यपुस्तकात हे सगळं असतं. इंटर्नने ते वाचलेलंही असतं. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले असू शकतात. तरीही ते वाक्य तोंडातून निसटतंच, आणि ते निसटलेलं ऐकायला कुणीतरी शेजारी असणं, यासाठी हे वर्ष आहे.

म्हणून या ऐकण्याचा हिशोब नियमाने बांधलेला आहे. मान्यता हवी असेल तर प्रत्येक इंटर्नला आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन मिळालंच पाहिजे, आणि त्यातले किमान दोन तास एकास एक, डॉक्टरेट असलेल्या मानसतज्ज्ञासोबत. ही मान्यता अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन देते. इंटर्नने संगणकावर लिहिलेली प्रत्येक नोंद सुपरवायझरच्या सहीची वाट बघत राहते. रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं, की मी शिकतो आहे, माझे सुपरवायझर अमुक अमुक आहेत. बहुतेक माजी सैनिकांना याचं काही वाटत नाही. वीस-वीस वर्षं तिथे येणाऱ्यांनी दर ऑगस्टला नवा चेहरा बघितलेला असतो. आणि सैन्यात काढलेल्या माणसाला वरिष्ठ कोण, कनिष्ठ कोण हे समजावून सांगायची गरज नसते.

खुर्ची कधी मागे सरकेल, हे मात्र वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळं ठरतं. झोपेच्या तक्रारीसाठी इंटर्न दुसऱ्याच महिन्यात 'अव्हेलेबल'वर जाऊ शकते. मेंदूच्या चाचण्या तिने कधी घेतल्याच नसतील तर तिथे ती अजून 'रूम'वरच असेल. कौशल्य ज्याचं त्याचं वेगळं, विश्वासही तसाच वेगळा. हे मला पटतं. आपल्याकडे एकदा 'डॉक्टर' लागला की माणसाला सगळंच येतं असं आपण धरून चालतो.

आत्महत्येचा विषय आला की मात्र इंटर्न एकटा निर्णय घेत नाही, फोन उचलतोच. व्हीएमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. संकटातल्या माजी सैनिकांसाठी २००७ पासून देशभर हेल्पलाइन चालते. आता ९८८ लावून १ दाबायचं. इंटर्नला पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात ते 'सेफ्टी प्लॅन' बनवायला. धोक्याची पहिली खूण काय, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाला भेटायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं रुग्णाच्याच शब्दांत एका कागदावर. त्यातला शेवटचा भाग आपल्या कानांना चमत्कारिक वाटेल: घरात बंदूक आहे का, कुठे आहे, गोळ्या कुठे आहेत. बंदूक काढून घेण्याची भाषा केली की संवाद संपतो, कारण या माणसांनी आयुष्य शस्त्र सांभाळण्यात काढलेलं असतं. म्हणून बोलणं सुरक्षेच्या भाषेत होतं. तुम्ही युनिटमध्ये हत्यार कुठे आणि कसं ठेवायचात? घरी काही दिवस तसंच ठेवता येईल का? बंदुकीला लावायचं तारेचं कुलूप व्हीए फुकट देतं. लहर येणं आणि हात चापावर जाणं यांत दहा मिनिटं वाढली, तरी जीव वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट नव्या इंटर्नला गोंधळात पाडते. व्हीए माजी सैनिकांना नोकरीत झालेल्या इजेबद्दल दरमहा भरपाई देतं, आणि इजेचं प्रमाण शून्य ते शंभर टक्के असं दहाच्या टप्प्यांत मोजलं जातं. साहजिकच काही जण बोलता बोलता विचारतात, "माझे टक्के वाढतील का?" उपचार करणारा ते ठरवत नाही, त्याची तपासणी वेगळी, माणसं वेगळी. पण हे नीट सांगता आलं नाही, तर रुग्णाला वाटतं की बरं झालो तर पैसे कमी होतील, आणि इंटर्नला वाटतं की हा पैशासाठी येतो. बहुतेक वेळा दोघांचाही समज चुकीचा असतो.

मूल्यमापन मार्कांवर होत नाही. नऊ क्षमता ठरलेल्या आहेत: संशोधन, नीती आणि कायदा, माणसामाणसातल्या फरकांची समज, व्यावसायिक वागणूक, संवाद, चाचण्या, उपचार, सुपरव्हिजन आणि इतर विभागांसोबत काम. यातली 'फरकांची समज' कागदावर गोड वाटते, खोलीत ती कस लावते. भारतीय वंशाच्या इंटर्नला एखादा म्हातारा व्हिएतनामवाला विचारतो, "तू मूळची कुठली?" यात नुसतं कुतूहल असू शकतं किंवा संशय. किंवा कधीकाळी आशियाई चेहऱ्यांमध्ये लढलेल्या माणसाची दचकलेली आठवणही असू शकते. तिने न्यू जर्सी सांगावं की नागपूर? माझ्या मते हे ठरवण्याआधी तो का विचारतोय याची उत्सुकता तिला वाटली पाहिजे. पण प्रश्न अपमानाच्या दिशेने गेला तर तो गिळून बसायचा नसतो. तो सुपरव्हिजनमध्ये आणायचा असतो, आणि तिथे त्यावर बोलणं हे सुपरवायझरचंही काम आहे.

पैसे? पगार नव्हे, स्टायपेंड. कमी खर्चाच्या शहरांत कित्येक वर्षं तो वर्षाला २६,१६६ डॉलर होता. आता वाढला आहे, मोठ्या शहरांत थोडा जास्त मिळतो. आरोग्यविमा मिळतो. तिशीतल्या, कर्ज असलेल्या, बहुधा एका वर्षासाठी घर हलवून आलेल्या माणसाला हे पुरतं असं म्हणता येणार नाही.

वर्ष संपलं आणि प्रबंधही झालेला असला की पदवी मिळते, नावामागे डॉक्टर लागतो, पण परवाना अजून नसतो. बहुतेक राज्यांत आणखी देखरेखीखालचे तास लागतात, म्हणून पुष्कळ जण एक वर्ष पोस्टडॉक करतात. शिवाय २२५ प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. व्हीएची एक सोय मात्र खरंच मोठी आहे: कोणत्याही एका राज्याचा परवाना देशभरातल्या कुठल्याही व्हीए दवाखान्यात चालतो. तोपर्यंत नोंदीखाली दुसरी सही लागतच राहते. इंटर्नशिपमध्येच आपल्या इंटर्नला एखाद-दोन प्रॅक्टिकमच्या विद्यार्थ्यांच्या टेप ऐकायला बसवलेलं असतं, कारण नऊपैकी एक क्षमता तीच आहे. त्या विद्यार्थ्याच्या टेपवर कुणीतरी रडत असतं, आणि विद्यार्थी घाईघाईने म्हणत असतो, "पण त्यात तुमची चूक नव्हती." ती टेप थांबवते, आणि मग तिचा सुपरवायझर तिला विचारतो, की थांबवताना तुला काय होत होतं.